५८ किलोमीटरवरचा प्रक्षेपक आणि गच्चीवरचा अँटेना: प्रकल्प नोंदी

प्रादेशिक प्रक्षेपकावरून येणारं डिजिटल टीव्ही प्रसारण साध्या अँटेनावर पकडायचं, एवढंच काम. डिश नको, इंटरनेट नको. प्रसारण डीव्हीबी-टी२ पद्धतीचं आहे आणि तीन मल्टिप्लेक्स आहेत: यूएचएफ चॅनल २६, ३३ आणि ४६. एकेका मल्टिप्लेक्समध्ये अनेक वाहिन्या एकत्र बांधलेल्या असतात, म्हणजे तीन वारंवारता नीट पकडल्या की सगळं हाती येतं. प्रक्षेपक जवळ असता तर हे लिहायची वेळच आली नसती.

४ नोव्हेंबर. आधी कागद

८ मेगाहर्ट्झच्या यूएचएफ आराखड्यात चॅनलची वारंवारता काढायला क्रमांकाला ८ ने गुणायचं आणि ३०६ मिळवायचे. २६ म्हणजे ५१४, ३३ म्हणजे ५७०, ४६ म्हणजे ६७४ मेगाहर्ट्झ. हे आकडे कुठेतरी समोर दिसतील असे लिहून ठेवा, पदोपदी लागतात.

मग क्षितिज. प्रक्षेपकाचा अँटेना भोवतालच्या जमिनीपासून अंदाजे १५० मीटर उंच, माझा ९ मीटर. दोन्ही उंचींची वर्गमुळं मिळवून बेरजेला ४.१२ ने गुणलं की रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. इथे ते जेमतेम ६३ येतं. मी ५८ वर आहे. म्हणजे पास, पण काठावर.

हे सूत्र मधली जमीन सपाट धरतं, आणि ती तशी नसते. एसआरटीएम, म्हणजे २००० साली अवकाशयानातून रडारनं मोजलेल्या उंचीची माहिती, फुकट मिळते. तिच्यावरून वाटेचा छेद काढला. पृथ्वीचा फुगवटा त्यात धरायला हवा, नाहीतर छेद फार आशादायक दिसतो. माझ्यापासून ७ किलोमीटरवर एक टेकडी आहे आणि सरळ रेषा तिच्या माथ्यावरून फक्त १२ मीटर उंचीवरून जाते.

"दिसतंय ना, मग झालं" असं यात चालत नाही. लहरीला रेषेभोवती मोकळी जागा लागते. ५७० मेगाहर्ट्झला त्या ठिकाणी या जागेची, म्हणजे पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची, त्रिज्या ५७ मीटर येते आणि त्यातली निदान ६० टक्के, म्हणजे ३४ मीटर, मोकळी हवी. आपल्याकडे १२. हिशोबानं साडेतीन डेसिबल (सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप) टेकडीला दान. हे आधीच कळलेलं बरं, नंतर त्या साडेतीन डेसिबलसाठी पाना घेऊन गच्चीवर नाचत बसावं लागत नाही.

८ नोव्हेंबर. सामान

२१ ते ४८ चॅनलसाठीचा लांब यागी अँटेना (एका दांडीवर ओळीनं काड्या असलेला), गॅल्व्हनाइज्ड पाइप, यू-बोल्ट, एफ कनेक्टर. टीव्हीला जोडायला टी२ सेट-टॉप बॉक्स. बॉक्स घेताना फक्त "टी२" हा शिक्का बघू नका. प्रसारण एचईव्हीसीमध्ये (चित्र दाबून पाठवायची एक पद्धत) असेल आणि बॉक्सला ते उलगडता येत नसेल तर आवाज येतो आणि पडदा काळा राहतो.

मोजमापासाठी एक यूएसबी ट्यूनर घेतला, त्यात सिलिकॉन लॅब्जची एसआय२१६८ ही चिप आहे आणि ती टी२ जाणते. तो लिनक्सच्या छोट्या संगणकाला लावला. डीव्हीबीव्ही५-झॅप हा प्रोग्राम सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर सतत छापत राहतो. पुढे मी त्याला नुसतं "गुणोत्तर" म्हणणार आहे, आकडे डेसिबलमध्ये. ड्रॉवरमध्ये आरटीएल२८३२यू चिपची जुनी यूएसबी काडीही सापडली. तिच्यावर टी२ दिसणार नाही, ती फक्त जुनं डीव्हीबी-टी जाणते. पण फेकू नका. हीच काडी पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

९ नोव्हेंबर. उभारणी

पाइप उभा करण्याआधी एक गोष्ट बघा: तो कुठल्याही दिशेला आडवा पडला तरी विजेच्या तारांपर्यंत पोचता कामा नये. पाइपाला जाड तांब्याची अर्थिंगची तार आजच घातली. "नंतर करू" म्हटलेलं अर्थिंग कधीच होत नाही.

दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर लावायला गेलो तर लोखंडी पाइपाजवळ त्याची सुई मनाला येईल तशी फिरते. त्यापेक्षा नकाशावर घर आणि प्रक्षेपक यांच्यात रेघ ओढली. दोनेक किलोमीटरवरची पाण्याची टाकी बरोबर त्या रेघेवर सापडली. अँटेनाची दांडी टाकीवर रोखली, काम झालं. या प्रक्षेपकाचं ध्रुवण, म्हणजे लहरीच्या कंपनाची दिशा, आडवं आहे, म्हणून काड्या जमिनीला समांतर. उभ्या-आडव्याची गल्लत झाली तर १५–२० डेसिबल सहज जातात, आणि इतकं कमी झाल्यावर बाकी कुठलीही युक्ती चालत नाही.

घरात जुनी केबल होतीच, तीच जोडली. गच्चीपासून हॉलपर्यंत २८ मीटर, मध्ये भिंतीतला सॉकेट आणि एक स्प्लिटर. बॉक्सच्या पडद्यावर स्ट्रेंग्थ ७८ टक्के. क्वालिटी शून्य. ४६ वर अधूनमधून चित्र येतं, लगेच चौकोन पडून गोठतं, ट्यूनरवर १७.५. बाकी दोन्ही लॉकच होत नाहीत, म्हणजे ट्यूनरला पकडताच येत नाहीत.

७८ टक्के कशाचे, हे बॉक्स सांगत नाही. तो पट्टी दाखवतो तेव्हा त्या वारंवारतेवर जे काही येतंय ते सगळं मोजतो: आपलं प्रसारण, शेजारचा मोबाइल टॉवर, नुसता गोंगाट. म्हणून आजपासून पट्टीकडे बघणं बंद.

१० नोव्हेंबर

ट्यूनर आणि संगणक उचलून गच्चीवरच नेला. दोन मीटरची केबल, मध्ये काहीही नाही. २६ वर २४, ३३ वर २०.५, ४६ वर २५. सगळं लॉक.

म्हणजे अँटेना बरा आहे, दिशा बरी आहे, वाट घरातच लागते. जुनी केबल बारीक, आरजी-५९ जातीची. ६०० मेगाहर्ट्झच्या आसपास २८ मीटरमध्ये ६ ते ७ डेसिबल खाते. दोन वाटांचा स्प्लिटर आणखी साडेतीन-चार. कुठलीही दुरुस्ती करण्याआधी ही गच्चीवरची मोजणी करून घ्या. तुमच्या अँटेनाला जास्तीत जास्त किती जमू शकतं ते कळतं, आणि खाली आल्यावर काय हरवलं तेही.

या प्रसारणाचं मॉड्युलेशन (माहिती लहरीवर चढवायची पद्धत) २५६-क्यूएएम, कोडचा दर २/३ आहे, म्हणजे तिसरा हिस्सा चुका दुरुस्त करायला राखलेला. ट्यूनरच तसं सांगतो. माझ्याकडे गुणोत्तर १९ च्या खाली गेलं की चौकोन पडतात. तेव्हा १९ ही रेघ, आणि तिच्या वर जे उरेल ती शिल्लक. जुन्या अॅनालॉग टीव्हीत सिग्नल कमी झाला की मुंग्या वाढत जायच्या आणि सावध व्हायला वेळ मिळायचा. इथे १९.५ ला चित्र काचेसारखं स्वच्छ आणि १८.५ ला काहीच नाही. त्यामुळे "आज दिसतंय" याला काही किंमत नाही, शिल्लक किती ते विचारायचं.

१५ नोव्हेंबर. बूस्टर

सगळे जे करतात तेच: पाइपावर ३० डेसिबलचा बूस्टर. त्याला वीज केबलमधूनच जाते. जुनी केबल तशीच ठेवली, कारण भिंतीतून नवी ओढायचा कंटाळा.

बॉक्सवर स्ट्रेंग्थ १०० टक्के! ट्यूनरवर ४६ साठी १६, २६ साठी १४, आणि ३३ लॉक नाही. म्हणजे बूस्टर लावून आहे ते बिघडलं. दिशा हलवून पाहिली, कनेक्टर बदलून पाहिले, वीजपुरवठा बदलून पाहिला, सगळा दिवस यातच गेला. संध्याकाळी बूस्टर काढला आणि आकडे पूर्ववत.

१६ नोव्हेंबर. जुन्या काडीची कमाल

आरटीएल काडी संगणकाला लावून ४७० पासून १००० मेगाहर्ट्झपर्यंतचा आलेख काढला. अँटेनाच्या टोकाला, बूस्टरशिवाय: आपले तीन मल्टिप्लेक्स बुटक्या ओट्यांसारखे, आणि पुढे ७५८ ते ८०३ आणि ९३५ ते ९६० या पट्ट्यांत मोबाइल टॉवरचे मनोरे. तो टॉवर ४०० मीटरवर आहे आणि अँटेनाच्या तोंडासमोरच येतो. बूस्टर लावून पुन्हा आलेख काढला तर मनोरे तर वाढलेच, पण ५०० ते ७०० मधली सपाट जमीनही वर उचलली गेली. आपले ओटे त्यात गुडघाभर बुडाले.

आता प्रश्न असा, की हा चिखल बूस्टर करतोय की काडी? काडीचा मापक फक्त आठ बिटांचा, तीही जोरदार सिग्नलनं गुदमरते. शोधायला १० डेसिबलचा अॅटेन्युएटर, म्हणजे सिग्नल मुद्दाम तेवढा कमी करणारा तुकडा, पुरतो, तो कनेक्टरएवढाच असतो. बूस्टरच्या पुढे, काडीच्या तोंडाशी लावला: सगळं बरोबर १० नं खाली आलं, चिखलही. म्हणजे काडी निर्दोष. मग तोच काढून बूस्टरच्या आधी लावला: मल्टिप्लेक्स १० नं खाली, पण चिखल जवळजवळ ३० नं. जोरदार सिग्नलनं बूस्टरच्या आत तयार होणाऱ्या तिसऱ्या दर्जाच्या विकृतीची हीच खूण आहे, मूळ सिग्नल १० नं उतरला की ती तिप्पट उतरते. चोर सापडला.

३३ चीच सगळ्यात वाईट अवस्था का, हेही यातून उलगडलं. दोन जोरदार वारंवारता एका बूस्टरमध्ये शिरल्या की एकीच्या दुपटीतून दुसरी वजा होऊन नवीच वारंवारता जन्माला येते. ७६० ची दुप्पट १५२०. त्यातून ९५० गेले, उरले ५७०. बरोबर चॅनल ३३ च्या मधोमध. हे गणित आधी करून बघा, कुठला चॅनल मार खाणार ते घरबसल्या कळतं.

२३ नोव्हेंबर. फिल्टर

६९४ मेगाहर्ट्झच्या वरचं अडवणारा फिल्टर आला. तो बूस्टरच्या *आधी* लावायचा. नंतर लावून उपयोग नाही, कारण विकृती बूस्टरच्या आत तयार होते आणि तयार झालेली विकृती आपल्याच चॅनलवर बसलेली असते. ती कुठलाही फिल्टर वेगळी काढू शकत नाही. फिल्टर स्वतः एक डेसिबल खातो, तो द्यायचा.

सोबत बूस्टरही बदलला: ३० ऐवजी १४ डेसिबलचा, पण स्वतःचा गोंगाट २ डेसिबलच्या आत असलेला. बूस्टर सिग्नल "वाढवतो" हे खरं, पण गोंगाटही तितकाच वाढवतो. त्याचं खरं काम एवढंच, की पुढच्या केबलमध्ये होणारा तोटा आधीच भरून ठेवायचा. ६–७ डेसिबल खाणाऱ्या केबलीसाठी १४ पुष्कळ झाले. उरलेले १६ नुसते टॉवरला बळ देत होते. हा छोटा बूस्टर मोठ्यापेक्षा महाग पडला, आणि दुकानात आधी तो दाखवतच नाहीत.

२९ नोव्हेंबर. केबल

शेवटी केबल ओढलीच. आरजी-६, तांब्याच्या मधल्या तारेची, बाहेरच्या भिंतीवरून सरळ खिडकीतून आत. सॉकेट आणि स्प्लिटर बाद. केबल, कनेक्टर आणि क्लिपा यांचा खर्च अँटेनापेक्षा जास्त झाला, हे लक्षात ठेवून हिशोब करा. क्रिंप करायचा पक्कड उसना मिळाला तर बघा, तेवढीच बचत.

कनेक्टर लावताना भाची मदतीला होती. तिची नजर तीक्ष्ण आहे. केबल सोलून जाळी मागे दुमडली, कनेक्टर दाबणार तेवढ्यात ती म्हणाली, "मामा, एक केस राहिलाय." खरंच, जाळीतला एकच केसासारखा तंतू पांढऱ्या फोमवर आडवा पडला होता, मधल्या तारेपासून अर्ध्या मिलिमीटरवर. तो टेकला असता तर बूस्टरचे ५ व्होल्ट तिथेच शॉर्ट झाले असते. प्रत्येक कनेक्टर दाबण्याआधी उजेडासमोर धरून गोल फिरवून बघा. आणि सगळं झाल्यावर बूस्टरच्या टोकाशी मल्टिमीटरनं व्होल्टेज मोजा. माझ्याकडे ४.८ आले, ठीक.

हॉलमधले आकडे: २६ वर २३, ४६ वर २४.५. ३३ वर मात्र १८.५ ते १९. चित्र दर दोन मिनिटांनी गोठतं.

६ डिसेंबर. ३३ चं कोडं

गच्चीवरच्या मोजणीतही ३३ मागेच होता, म्हणजे केबलचा दोष नाही. विकृती गेली, आलेखात जमीन सपाट. तरीही हा एकच ओटा बाकी दोघांपेक्षा बुटका. एकाच मनोऱ्यावरून, एकाच दिशेनं येणाऱ्या तीन चॅनलांत मधलाच कमी का?

संशय शेजारच्या शेडच्या पन्हळी पत्र्यांवर. उजव्या अंगाला आठेक मीटरवर, तिरके. सरळ आलेली लहर आणि पत्र्यावरून उडालेली लहर यांच्या वाटेत ४ मीटरचा फरक असेल तर दर ७५ मेगाहर्ट्झला एक खड्डा पडतो. त्यातला एक ५७० ला बसला तर ५१४ आणि ६७४ बऱ्यापैकी वाचतात. टी२ ला प्रतिध्वनी सोसतो असं जे म्हणतात ते खरं आहे. पण त्याचा अर्थ एवढाच, की उशिरा आलेला प्रतिध्वनी पुढच्या चिन्हावर (माहितीच्या पुढच्या तुकड्यावर) चढत नाही. इतक्या जवळच्या प्रतिध्वनीनं अख्खा चॅनलच खाली दबतो, तेव्हा तो सोसायचा प्रश्नच उरत नाही, सिग्नलच कमी असतो.

यावर उपाय म्हणजे अँटेना सरकवणं. ५७० ला तरंगलांबी ५३ सेंटीमीटर आहे, म्हणून ३० सेंटीमीटर इकडेतिकडे झालं तरी खड्ड्याचा उंचवटा होऊ शकतो. पाइपाला मीटरभर लांबीचा आडवा हात बसवला, त्यावर अँटेना घसरता ठेवला.

भाची खाली हॉलमध्ये आकडे वाचत होती, मी वर. आधी फोनवर बोलत होतो आणि आकडे दोन-दोननं उड्या मारत होते. एकाच जागी १७, मग १९.५, मग परत १७. शेवटी तिनंच विचारलं, "मामा, तू बोलतोस तेव्हाच कमी होतंय का?" मोबाइल फोन ७०३ ते ७४८ मध्येही पाठवतो, फिल्टरचा उतार तिथे अजून पुरता उतरलेला नसतो, आणि मी फोन कानाला लावून अँटेनाच्या तोंडाशी उभा! फोन खाली ठेवला. ती जिन्यात येऊन ओरडायला लागली.

"एकोणीस."
दहा सेंटीमीटर डावीकडे.
"साडेएकोणीस... वीस."
आणखी दहा.
"एकवीस! थांब. नाही, सरक अजून."
आणखी दहा.
"बावीस पॉइंट दोन."
आणखी सरकवल्यावर एकवीस. परत मागे.

हात ३० सेंटीमीटरवर आवळला. २६ आणि ४६ यांचं काय झालं ते लगेच मोजलं: २६ अर्ध्या डेसिबलनं उतरून २२.५, ४६ होता तिथेच. चालेल. एकाचं भलं करताना दुसऱ्याचं वाटोळं होत नाही ना, हे प्रत्येक सरकवणीनंतर बघायचंच. सगळे चॅनल आपापल्या परमोच्च बिंदूवर आणायची हाव धरू नका. सगळ्यात कमजोर चॅनल जिथे सगळ्यात वर येतो ती जागा आपली.

१४ डिसेंबर

दर मिनिटाला तिन्ही चॅनलांचं गुणोत्तर फाइलमध्ये टाकणारी चार ओळींची स्क्रिप्ट लावली. ट्यूनर एका वेळी एकच चॅनल धरतो, म्हणून तो आळीपाळीनं फिरतो. सरासरी बघू नका, दिवसातला नीचांक बघा. आठवड्याचा नीचांक: २६ वर २१, ३३ वर २०.३, ४६ वर २२.८.

३३ वर रोज एकदा क्षणभर खळगा दिसायचा. मागोवा घेतल्यावर ट्यूनर आणि बूस्टरची वीजजोडणी (केबलमध्ये वीज सोडणारा भाग) यांच्यामधला एक फुटाचा तुकडा निघाला, टीव्हीसोबत आलेली पातळ जाळीची केबल. शेजारी एचडीएमआयची केबल चिकटून होती. उरलेल्या आरजी-६ मधून तुकडा कापून लावला, खळगा गेला.

२७ डिसेंबर. पाऊस

रात्री पाऊस. सकाळी ४६ चौकोनांनी भरलेला, गुणोत्तर १८. २६ मात्र फक्त एका डेसिबलनं उतरलेला. वरच्या वारंवारतेला जास्त फटका म्हणजे केबलीत पाणी, असं समजून थेट वर गेलो.

बूस्टरच्या खालचा कनेक्टर उघडला. आत थेंबभर पाणी, मधल्या तारेवर हिरवट थर. महिनाही झाला नव्हता. केबलमधून वीज जाते तिथे पाणी शिरलं की तांबं नुसतं गंजत नाही, विद्युत-विघटनानं झपाट्यानं खाल्लं जातं. त्यामुळे बूस्टर असलेल्या जोडणीत पाणबंदपणा दुप्पट महत्त्वाचा. साधी काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. ती उन्हानं सैल होते आणि मग पाणी बाहेर ठेवण्याऐवजी आत धरून ठेवते.

नवा कनेक्टर, त्यावर स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप, ताणून, खालून वर, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी ओघळून जातं. कनेक्टरआधी केबलला खाली झोळ दिला, थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो. खिडकीतून आत येतानाही तसाच झोळ. ४६ पुन्हा २४.५.

११ जानेवारी. धुकं

पहाटेपासून ३३ बंद. स्ट्रेंग्थ नेहमीपेक्षा *जास्त*, गुणोत्तर १५. बाकी दोघे ठणठणीत. पाऊस नाही, वारा नाही, दाट धुकं.

थंड, स्थिर हवेत जमिनीलगत गार आणि वर उबदार थर बसला की लहरी त्यात अडकून क्षितिजापलीकडे वाहत जातात. एरवी न पोचणारा दूरचा प्रक्षेपक, त्याच चॅनल ३३ वर, इथपर्यंत आला. अँटेना हळूहळू फिरवला तर उजवीकडे ४० अंशांवर ३३ लॉक झाला आणि वाहिन्यांची वेगळीच यादी आली. दुसऱ्याच प्रदेशाची. दहाच्या सुमारास ऊन पडलं, धुकं विरलं, ३३ आपोआप परत आला.

अशा सकाळी काहीही दुरुस्त करू नका. कनेक्टर उघडू नका, दिशा बदलू नका (मी फिरवला तो खूण करून, परत आणता येईल असा). आणि बॉक्सवर ऑटो-स्कॅन तर मुळीच नको. तो त्या पाहुण्या वाहिन्या यादीत भरतो, आपल्या वाहिन्या कुठल्या कुठे ढकलतो आणि दुपारी सगळे क्रमांक रिकामे सापडतात. स्कॅन हातानं, चॅनल क्रमांक घालून, दुपारी.

१८ जानेवारी. आजची स्थिती

अँटेना, लगेच ६९४ चा फिल्टर, मग १४ डेसिबलचा बूस्टर, २६ मीटर आरजी-६, वीजजोडणी, बॉक्स. मध्ये दुसरं काही नाही. २६ वर २२.५, ३३ वर २२, ४६ वर २४.५. दुसऱ्या खोलीत टीव्ही हवा आहे. त्यासाठी स्प्लिटर वीजजोडणीच्या पुढे लागेल. बूस्टर असल्यानं त्याचे चार डेसिबल गुणोत्तरात फारसे दिसणार नाहीत असा हिशोब आहे, पण लावून मोजल्याशिवाय लिहीत नाही.

वाया गेलेला खर्च: ३० डेसिबलचा बूस्टर आणि काळी चिकटपट्टी. बूस्टर कुणाला हवा असेल आणि जवळ मोबाइल टॉवर नसेल तर घेऊन जा.

धुक्यातल्या ३३ वर एक प्रयोग बाकी आहे. तसलाच दुसरा यागी आडव्या हातावर शेजारी लावायचा, दोघांना सारख्या लांबीची केबल, आणि स्प्लिटर उलटा वापरून एकत्र करायचं. समोरून येणारं दोघांत एकाच वेळी पोचतं आणि मिळतं. ४० अंशांवरून येणारं एकात दीड तरंगलांबीनं उशिरा पोचेल असं अंतर ठेवलं तर दोघांतलं एकमेकांना पुसून टाकेल. ५७० साठी ते अंतर १.२३ मीटर येतं. आताचा हात मीटरभरच आहे, दीड मीटरचा नवा पाइप कापून आणलाय. दुसरा अँटेना आला की पुढची नोंद.